काशीच्या अंगणांतील विमान

माझें सारें आयुष्य शाळेंत मुलांना इतिहास शिकविण्यांत गेलें. सनावळ्या घोकून घ्याव्या, तहांचीं कलमें लिहून द्यावीं, आणि परीक्षा होतांच मुलांनीं तीं खुशाल विसरून जावीं, असा आमचा तो व्यवसाय! विमानविद्येंत माझा अधिकार कांहींच नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. असें असतांना आज मी आपल्यापुढें एका जुन्या लढाऊ विमानाची हकीकत घेऊन आलों आहें. याचें कारण एवढेंच कीं, इतिहास कशामुळें टिकतो आणि कशामुळें नाहींसा होतो, हें जें मला इतक्या वर्षांत वर्गापुढें नीट सांगतां आलें नाहीं, तें या एका यंत्राच्या चरित्रानें मला शिकविलें.

प्रसंग १९८२ सालचा. पीटर व्हॅचर नांवाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्सरॉइस मोटारींच्या शोधांत भारतांत हिंडत होते. आपल्याकडील संस्थानिकांनीं हौसेनें घेतलेल्या त्या मोटारी कोठें कोठें पडून आहेत, हें पाहण्याचा त्यांना नाद होता. हिंडतां हिंडतां ते काशीस आले, आणि तेथील हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारांत त्यांना मोटारीऐवजीं एक विमान दिसलें. उघड्या जागीं, ऊनपावसांत, झाडाझुडुपांच्या सोबतीनें तें उभें होतें. विद्यार्थी त्याच्या शेजारून रोज जात-येत असतील. पण रोजच्या पाहण्यांतली वस्तु कोणास दिसत नाहीं, हा तर मनुष्यस्वभावच आहे. व्हॅचरांनीं तें ओळखलें. तें हॉकर कंपनीचें हरिकेन जातीचें लढाऊ विमान होतें. गंगेच्या कांठीं, विद्येच्या माहेरघरीं, हा युद्धाचा पक्षी कोठून आला? आणि तो नेमका कोणता? हे दोन प्रश्न घेऊन आपण थोडे मागें जाऊं.

सिडनी कॅम हा इंग्लंडांतील विंडसर गांवच्या एका सुताराचा मुलगा. जन्म १८९३ सालचा, बारा भावंडांत थोरला. लहान वयांत शाळा सोडून त्यानेंहि सुतारकीचीच उमेदवारी पत्करली. पण त्याला वेड लागलें होतें उडण्याचें. लांकडाचीं छोटीं विमानें करतां करतां तो खऱ्या विमानांच्या कारखान्यांत शिरला आणि १९२५ सालीं हॉकर कंपनीचा मुख्य रचनाकार झाला. त्या काळचीं लढाऊ विमानें म्हणजे एकावर एक असे पंखांचे दोन थर, मध्यें आधाराच्या काठ्या व तारा, आणि सर्वांवर ताणून बसविलेलें कापड. वैमानिकाचें डोकें उघड्यावर. अशा विमानाचा वेग ताशीं दोनशें मैलांच्या पुढें गेला म्हणजे लोक तोंडांत बोट घालीत.

कॅमनें पंखांचा एक थर काढून टाकला. उड्डाणानंतर चाकें पोटांत ओढून घेण्याची सोय केली. वैमानिकाच्या डोक्यावर काचेचें सरकतें छप्पर घातलें, आणि रोल्सरॉइसनें नव्यानेंच तयार केलेलें मर्लिन नांवाचें बारा सिलिंडरांचें, सुमारें एक हजार अश्वशक्तीचें इंजिन त्याच्या नाकांत बसविलें. ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं ब्रुकलंड्सच्या मैदानावरून बुलमन या वैमानिकानें तें प्रथम उडविलें, आणि लौकरच त्यानें ताशीं तीनशें मैलांची मर्यादा ओलांडली. हरिकेन म्हणजे झंझावात. नांव साजेसें होतें.

परंतु या झंझावाताच्या कातडीखालीं पाहिलें, तर तेथें तो सुताराचा मुलगा अजून होताच! सांगाडा पोलादी व ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा. नळ्यांचीं टोकें दाबून चौकोनी केलेलीं, आणि तीं धातूच्या पट्ट्या व बोल्ट यांनीं एकमेकांस जोडलेलीं. त्यावर लांकडाच्या कमानी, कमानींवर लांब बारीक पट्ट्या, आणि वैमानिकाच्या मागच्या साऱ्या धडावर कापड. कापडाला रोगण देऊन तें मृदंगाच्या पुडीसारखें ताठ केलेलें. याच सुमारास, मार्च १९३६ मध्यें, स्पिटफायर नांवाचें दुसरें विमान उडालें, तें सर्वांगीं धातूच्या पत्र्यानें मढविलेलें होतें. त्याच्या शेजारीं हरिकेन म्हणजे इंग्रजी शिकलेल्या सुनेच्या शेजारीं नऊवारींतली सासू! सर्वांचे डोळे सुनेकडे लागले. पण घर चालविलें सासूनें.

तें कसें, तें सांगतों. नळ्या व कापड यांचें काम कारखान्यांतील जुन्या कारागिरांच्या हातांत बसलेलें होतें. नवें कांहीं शिकावें लागलें नाहीं. त्यामुळें विमानें भराभर तयार होऊं लागलीं. सरकारनें जून १९३६ मध्यें सहाशें विमानांची मागणी नोंदविली. पण कंपनीच्या चालकांनीं त्या मागणीची वाट न पाहतां, स्वतःच्या जोखमीवर, एक हजार विमानांच्या तयारीस आधींच हात घातला होता. ते वांचविलेले महिने पुढें फार मोलाचे ठरले. शिवाय कापडांतून गोळी आरपार गेली, तर भोंकाला ठिगळ लावलें कीं विमान दुसऱ्या दिवशीं कामावर हजर. पत्र्याच्या विमानाला हें भाग्य नव्हतें. १९४० च्या उन्हाळ्यांत जर्मनीच्या विमानांनीं इंग्लंडवर झडप घातली, तेव्हां त्यांना तोंड देणाऱ्या इंग्रज लढाऊ तुकड्यांत हरिकेनच्या तुकड्या स्पिटफायरपेक्षां पुष्कळच अधिक होत्या, आणि त्या लढाईंत पडलेल्या शत्रूच्या विमानांपैकीं निम्म्याहून अधिक हरिकेननें पाडलीं, असें इतिहासकार मानतात. कीर्ति मात्र बहुतेक स्पिटफायरच्या वांट्यास गेली.

गुणांबरोबर दोष सांगणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. हरिकेनमध्यें पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या अगदीं पुढ्यांत होती. तिला गोळी लागली तर ज्वाळा सरळ त्याच्या तोंडावर येत. अशा भाजलेल्या तरुणांवर ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयांत आर्चिबाल्ड मॅकिंडो या शस्त्रवैद्यानें उपचार केले. त्यांचे चेहरे त्यानें कातडें जोडून जोडून पुन्हा घडविले. हरिकेनची थोरवी गातांना ते चेहरे विसरतां कामा नयेत.

आतां आपल्या काशीच्या विमानाकडे वळूं. प्रत्येक लष्करी विमानाला एक क्रमांक असतो. याचा क्रमांक होता आर ४११८. १७ ऑगस्ट १९४० रोजीं हें कोरें करकरीत विमान स्कॉटलंडमधील ड्रेम या तळावर ६०५ क्रमांकाच्या तुकडीकडे आलें. ही तुकडी मूळची हौशी लोकांची. बर्मिंगहॅमच्या परिसरांतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं उडण्याचा सराव करीत, त्यांतून १९२६ सालीं ती उभी राहिली होती. ७ सप्टेंबर १९४० रोजीं ती लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथें आली. त्याच दिवशीं लंडन शहरावरील मोठ्या बॉंबहल्ल्यांस आरंभ झाला. म्हणजे हीं माणसें व हीं विमानें नेमकीं आगीच्या तोंडाशीं येऊन उभीं राहिलीं.

क्रॉयडनहून आर ४११८ नें ४९ लढाऊ उड्डाणें केलीं, आणि शत्रूचीं पांच विमानें पाडल्याचें श्रेय, कांहीं ठिकाणीं इतरांच्या वांट्यासह, त्याच्या नांवावर पडलें. पंखांत आठ बंदुका. सर्व एकदम झाडल्या तर दारूगोळा जेमतेम पंधरा सेकंद पुरे. पंधरा सेकंद! मला येथें घसा साफ करण्यास जितका वेळ लागतो, तितक्यांत एका तरुणाचें आणि त्याच्यासमोरच्या दुसऱ्या तरुणाचें भवितव्य ठरून जाई. आणि समोरचाहि कोणाचा तरी मुलगाच होता. या विमानाच्या वैमानिकांत बॉब फॉस्टर नांवाचा वीस वर्षांचा एक तरुण होता. त्याचें नांव लक्षांत ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे. २२ ऑक्टोबर रोजीं हें विमान लढाईंत जायबंदी झालें व दुरुस्तीस गेलें. पुढें तें दुसऱ्या एका तुकडींत गेलें, आणि मग नवशिक्या वैमानिकांच्या शाळेंत. लढवय्या घोडा शेवटीं टांग्याला जुंपावा, तशांतला हा प्रकार.

आपण विचाराल, एवढा तपशील आतां कोणास कसा ठाऊक? श्रोतेहो, याच प्रश्नासाठीं मी ही सारी हकीकत सांगण्यास बसलों आहें. ब्रिटिश विमानदलाच्या प्रत्येक तुकडींत एक दैनिक वही ठेवलेली असे. आज कोणतें विमान वर गेलें, त्याचा क्रमांक काय, त्यांत कोण बसला होता, तें किती वाजतां उडालें, किती वाजतां उतरलें, हें तींत रोज टिपलें जाई. शिवाय प्रत्येक विमानाचें एक वेगळें कार्ड असे. त्यावर तें कोणत्या तुकडीकडून कोणत्या तुकडीकडे गेलें, मोडलें केव्हां, दुरुस्त झालें केव्हां, याची नोंद होई. वर आकाशांत रण माजलें आहे, तळावर बॉंब पडत आहेत, सकाळीं जेवणाच्या टेबलावर शेजारीं बसलेला मित्र संध्याकाळीं परतलेला नाहीं. आणि तरीहि कोणी एक कारकून दिव्याच्या उजेडांत क्रमांक व वेळा लिहीत बसला आहे. त्या कारकुनाला पदक मिळालें नसेल. त्याच्या वहीवांचून मात्र शूरांचें शौर्य आज अफवा होऊन राहिलें असतें.

डिसेंबर १९४३ मध्यें आर ४११८ पेटाऱ्यांत बंद होऊन जहाजावर चढलें, तें आपल्या मुंबईस येण्यासाठीं. इकडे वैमानिकांच्या शिक्षणाला तें उपयोगी पडावें, असा हेतु होता. त्यानंतर कांहीं महिन्यांनींच, १४ एप्रिल १९४४ रोजीं, मुंबईच्या गोदींत दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा तो भयंकर स्फोट झाला; ज्या गोदींत जगभरचा युद्धाचा माल उतरे, तिची राखरांगोळी झाली. पेटारा थोडा उशिरां निघता तर काय झालें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

हरिकेन जातीचीं विमानें आपल्याला तोंपर्यंत अनोळखी राहिलीं नव्हतीं. जपान्यांचे हल्ले कलकत्त्यापर्यंत पोंचले, तेव्हां तेथील रेड रोड या भर शहरांतील रुंद रस्त्याची धावपट्टी करून त्यावरून हरिकेन उडविलीं गेलीं. आपल्या भारतीय विमानदलाच्या तुकड्यांनाहि हींच विमानें मिळालीं. १९४४ सालीं इंफाळच्या वेढ्यांत पहिल्या तुकडीचे नेते अर्जनसिंग यांनीं आपल्या हरिकेनांसह जी कामगिरी केली, तीबद्दल लॉर्ड माउंटबॅटन यांनीं रणभूमीवरच येऊन त्यांच्या छातीवर पदक लावलें. तेच अर्जनसिंग पुढें आपल्या विमानदलाचे प्रमुख व सरतेशेवटीं त्याचे एकमेव मार्शल झाले. २०१७ सालीं ते निवर्तले. म्हणजे हरिकेन हें केवळ इंग्रजांच्या घरचें विमान नव्हे. आपल्याहि मुलांचे हात त्यावर बसले आहेत.

आर ४११८ ला मात्र इकडे लढण्याचा योग आला नाहीं. तें आधींच थकलें होतें. १९४७ सालीं दप्तरांतून त्याचें नांव कमी झालें, आणि तें काशीच्या हिंदु विश्वविद्यालयास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठीं देण्यांत आलें. पंडित मदनमोहन मालवीयांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या या विद्यापीठांत यंत्रविद्येचें शिक्षण फार लौकर सुरू झालें होतें; तेव्हां ही देणगी सत्पात्रींच पडली. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. हें विमान पुढें उघड्यावर पडून राहिलें, म्हणून विद्यापीठाला नांवें ठेवणें सोपें आहे. पण युद्धानंतर जगभर हजारों विमानें भट्टींत वितळून त्यांचीं भांडीं झालीं. एकंदर चौदा हजारांहून अधिक हरिकेन बांधलीं गेलीं. त्यांतलीं किती उरलीं? आज उडूं शकणारीं तर बोटांवर मोजण्याइतकींच आहेत. मुलांना यंत्र दिसावें म्हणून ज्यांनीं तें आवारांत ठेवून घेतलें, त्यांनींच नकळत तें वांचविलें. सरस्वतीच्या अंगणांत जागा मिळाली, म्हणून हें एक भट्टींतून सुटलें.

आतां पुन्हा व्हॅचरांकडे येऊं. त्यांनीं पाहिलें तेव्हां त्या विमानावर कापड उरलें नव्हतें. लांकूड व लोखंड यांची काय दशा झाली असेल, ती आपण कल्पूं शकतां. एखाद्या भंगारवाल्यानें त्याचे वजनावर पैसे दिले असते. पण क्रमांक हातीं लागला, तो इंग्लंडांतील दप्तरांशीं जुळला, आणि एका क्षणांत त्या मोडक्या सांगाड्याची किंमत पालटली. काल तें एक जुनें विमान होतें. आज तें *तें* विमान झालें. क्रॉयडनहून ४९ वेळां उडालेलें, अमक्या दिवशीं अमका ज्यांत बसला होता, तेंच हें! वस्तु काशींत होती आणि वही लंडनांत. वस्तूवांचून वही म्हणजे नुसती शाई, आणि वहीवांचून वस्तु म्हणजे नुसतें लोखंड. दोन्हींची गांठ पडली, तेव्हां इतिहास उभा राहिला. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडीं पायपीट करून माळ्यांवरचे रुमाल सोडवीत हिंडले, तें याच श्रद्धेनें. किल्ला आहे पण कागद नाहीं, किंवा कागद आहे पण किल्ल्याचे चिरे घरें बांधण्यासाठीं नेलेले, अशा हकीकती महाराष्ट्राला कांहीं नव्या नाहींत.

विमान मिळविणें मात्र सोपें नव्हतें. अर्जविनंत्या, परवानग्या, सह्या यांत वर्षें गेलीं. प्रथम दर्शनानंतर तब्बल एकोणीस वर्षांनीं, २००१ सालीं, व्यवहार पुरा झाला, आणि ज्या देशांतून तें पेटाऱ्यांत आलें होतें त्या देशास पुन्हा बंद पेटीं परत गेलें.

इंग्लंडांत सफोक परगण्यांत हरिकेनचा जीर्णोद्धार करणारा एक कारखाना आहे. तेथील कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. प्रथम विमानाचा सांधा न् सांधा सुटा करावयाचा. प्रत्येक तुकडा स्वच्छ करून, मोजून, तपासून तीन ढीग लावावयाचे: जसेच्या तसे वापरतां येतील असे, दुरुस्तीनें वापरतां येतील असे, आणि केवळ नमुना म्हणून उपयोगी पडतील असे. तिसऱ्या ढिगांतील तुकडे टाकावयाचे नाहींत; त्यांच्यावरून नवे घडवावयाचे. हरिकेनच्या पंखांच्या मुळाशीं ज्या तुळया असतात, त्या पातळ पोलादी पट्टी लाटून, तिला अनेक कोनी नळीचा आकार देऊन केलेल्या असतात. अशी पट्टी लाटणारीं यंत्रें युद्धानंतर नाहींशीं झालीं होतीं. म्हणजे विमान दुरुस्त करण्यासाठीं तुळई हवी, तुळईसाठीं लाटण्याचें यंत्र हवें, तेव्हां आधीं तें यंत्रच नव्यानें घडवावें लागलें! सुतारांनीं कमानी व पट्ट्या पुन्हा केल्या. वर कापड चढवून टांके घातले, रोगणाचे हात दिले. मर्लिन इंजिन उकलून पुन्हा जुळविलें. ज्या विद्येची शाळा बंद झाली आहे, ती विद्या मेलेल्या गुरूंच्या हातच्या कामावरून शिकून घ्यावी, तसें हें काम आहे. तुटक्या सांध्याकडे पाहून मूळच्या कारागिरानें कोणत्या क्रमानें बोल्ट आंवळले असतील, हें ओळखावयाचें. मला तर ही एक प्रकारची गुरुभक्तीच वाटते.

डिसेंबर २००४ मध्यें आर ४११८ पुन्हा आकाशांत गेलें. धडावर पूर्वींचींच अक्षरें रंगविलेलीं होतीं. आणि तो बॉब फॉस्टर? तो युद्धांतून सुखरूप परतला होता. वीस वर्षांचा असतांना ज्यांत बसून तो मृत्यूच्या दारीं जाऊन आला, तें विमान त्याला वार्धक्यांत पुन्हा उडतांना पाहतां आलें. २०१४ सालीं, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, ते निवर्तले. त्याच्या पुढल्याच वर्षीं विमानाचेंहि हस्तांतर झालें, आणि तें नव्या मालकाकडे गेलें. माणसें जातात, मालक बदलतात. नोंद व वस्तु यांची गांठ मात्र एकदां पक्की बसली कीं पुढल्या पिढीस मिळते.

येथें आपल्यापैकीं कोणी चिकित्सक श्रोता विचारील: गुरुजी, तुळया नव्या, लांकूड नवें, कापड नवें, इंजिन उकलून जोडलेलें, मग तें पूर्वींचेंच विमान कसें? शंका रास्त आहे, आणि तिला उडवून लावूं नये. जेथें जुना तुकडा एकहि नाहीं आणि केवळ क्रमांकाची पाटी जुनी आहे, तेथें जीर्णोद्धार म्हणणें ही फसवणूकच. आर ४११८ चें तसें नव्हे. त्याचा पुष्कळ भाग एकत्र व मूळचा होता, हेंच त्याचें वैशिष्ट्य मानतात. पण आपण आपल्या घराचा विचार करूं. वाड्याचे वासे एका पिढींत बदलतात, कौलें दुसऱ्या पिढींत, जमीन तिसऱ्या पिढींत. तरीहि जोत्यावरून व चौकटीवरून आपण तो आजोबांचाच वाडा म्हणतों. त्याच काशींत १७८० च्या सुमारास अहल्याबाई होळकरांनीं विश्वेश्वराचें देऊळ उभारलें; दगड नवे होते, परंतु भक्तांनीं त्याला नवें देऊळ म्हटलें नाहीं. खरा जीर्णोद्धार तो, ज्यांत काय जुनें व काय नवें हें प्रामाणिकपणें लिहून ठेवलेलें असतें. लपविलें कीं ती नक्कल झाली. येथेंहि शेवटीं वहीच कामास येते.

आपल्याकडे या बाबतींत सर्वत्र अंधारच आहे, असें नाहीं. दिल्लीस पालमच्या विमानदल संग्रहालयांत एक हरिकेन जपून ठेवलेलें आहे. २०१८ सालीं एक जुनें डाकोटा विमान इंग्लंडांत नीट करवून आपल्या विमानदलांत समारंभपूर्वक दाखल झालें, व त्याचें नांव परशुराम ठेवलें गेलें. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं आपले शिपाई ज्या जातीच्या विमानांतून श्रीनगरला उतरले, त्या जातीचें तें. परंतु कायद्याची दृष्टि पाहा. आपल्या १९७२ च्या कायद्यानें सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तूच पुरातन ठरते. ज्या यंत्रांनीं आपल्या आजोबांचें जग पालटलें, तीं या हिशेबानें अजून वयांत यावयाचीं आहेत! तोंपर्यंत त्यांचें रक्षण आपल्या शहाणपणावर सोंपविलेलें आहे. तें शहाणपण कितपत भरंवशाचें असतें, याची साक्ष मी स्वतःच देतों.

मी नोकरींत असतांना एका शाळेची जडसंग्रह नोंदवही माझ्याकडे होती. अडगळीच्या खोलींत शिसवी पायांचा एक मोठा पृथ्वीगोल पडलेला होता. त्यावरचे देश व सीमा केव्हांच्या बदलून गेलेल्या, कागद जागोजाग फाटलेला, आंस वांकडा. तो मुलांना दाखविला तर मुलें चुकीचा भूगोल शिकतील, असें मला वाटलें. एका दिवाळीच्या सुटींत मोडक्या बांकांबरोबर मीं तोहि निर्लेखनास काढला. नोंदवहींत त्याच्यापुढें 'निकामी' असा शेरा लिहिला, खालीं सही केली. भंगारवाल्यानें तो बांकांच्या लोखंडाबरोबर तोलला. पुढें काहीं वर्षांनीं एक वृद्ध गृहस्थ शाळेंत आले. त्यांच्या आजोबांनीं शाळेला एक पृथ्वीगोल दिला होता, बुडाशीं त्यांचें नांव कोरलेलें होतें, तो एकदां नातवाला दाखवावा, अशी त्यांची इच्छा होती. मीं त्यांना काय दाखविलें असेल? माझी सही! ते कांहीं बोलले नाहींत. नातवाचा हात धरून ते पायऱ्या उतरून गेले. त्या वहींत गोलाचा शेवट माझ्या अक्षरांत आहे. पण तो कोणी दिला, कोणत्या सालीं दिला, याची नोंद मीं मागच्या वह्यांत एकदां तरी पाहावयास हवी होती. मीं इतिहास शिकवीत होतों, श्रोतेहो, आणि भिंतीपलीकडे तो मोडीत जात होता.

१९४७ सालीं विमानाचें नांव दप्तरांतून कमी करणारा कारकून आणि मी, आम्हां दोघांचें काम एकच होतें. फरक इतकाच, कीं त्याच्या वहींत क्रमांक होता आणि वस्तु विद्यार्थ्यांच्या हातीं गेली. माझ्या वहींत नुसता शेरा होता आणि वस्तु तराजूंत गेली.

म्हणून आपणांस एक विनंति आहे. आपल्या घरीं माळ्यावर, कारखान्याच्या कोपऱ्यांत, शाळेच्या अडगळींत जुनें शिलाईचें यंत्र असेल, घड्याळ असेल, छापखान्याचे खिळे असतील, आजोबांचें मोजमापाचें साहित्य असेल. सर्वच सांभाळून ठेवा, असें मी म्हणत नाहीं. आजकालच्या घरांत माणसांनाच जागा पुरत नाहीं, तेथें वस्तूंना कोठून पुरणार? परंतु टाकण्यापूर्वीं एका कागदावर चार ओळी लिहा: ही वस्तु कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या कामास येई, आणि आतां ती कोठें जात आहे. शक्य असेल तर तिच्यावरचा क्रमांक टिपून घ्या. त्या कागदाचें पुढें काय होईल, हें आपण सांगूं शकत नाहीं. क्रॉयडनच्या तळावर क्रमांक लिहीत बसलेल्या त्या कारकुनाला तरी कोठें ठाऊक होतें, कीं त्याच्या एका ओळीसाठीं साठ वर्षांनीं काशीच्या अंगणांतलें विमान पुन्हा उडणार आहे?